महामारी आणि दातांची तार

वेडेवाकडे दात सरळ करण्याची विद्या ही सबुरीची विद्या होय. दातांवर चिकटविलेल्या बारीक कड्यांत तार बसवितात. तिच्या मंद दाबाने दात ज्या बाजूस रेटला जातो तेथील हाड विरघळते, आणि मागे मोकळ्या होणाऱ्या बाजूस नवे हाड भरते. दात नुसता सरकत नाही; त्याच्या भोवतीचे हाडच नव्याने घडते. यास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात, व दर चार ते सहा आठवड्यांनी दंतवैद्यास तार दाखवावी लागते.

हा क्रम २०२० साली अकस्मात तुटला. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची साथ ही महामारी असल्याचे जाहीर केले, आणि २५ मार्चपासून भारतभर टाळेबंदी सुरू झाली. दंतवैद्याच्या वेगवान यंत्राने लाळेचे व पाण्याचे सूक्ष्म तुषार उडतात आणि ते हवेत रेंगाळतात. म्हणून तातडीच्या उपचारांखेरीज बहुतेक दवाखान्यांतील कामे थांबली.

तोंडात तार घेऊन घरी बसलेल्यांची मनःस्थिती काय झाली, याची पाहणी त्या काळी कित्येक देशांत झाली. उपचार लांबेल ही धास्ती ब्राझीलमधील रोग्यांत विशेष आढळली. चीनमधील पाहणीत मनाच्या त्रासाचा संबंध दंतवैद्याशी असलेल्या संपर्काशीही दिसून आला. आम्हांस याचे नवल वाटत नाही. आपले दात ज्याच्या हाती सोपविले तोच दिसेनासा झाला, तर कोणाचेही मन कातर होईल.

तथापि ही भीती सर्वस्वी खरी नव्हती आणि सर्वस्वी खोटीही नव्हती. साधी तार आपला जोर संपला की बव्हंशी स्वस्थ राहते. चार आठवडे अधिक गेल्याने सहसा बिघडत नाही. परंतु ताणलेली स्प्रिंग किंवा रबरी कडी देखरेखीवाचून राहिली, तर दात नको तेथे जाऊ शकतो. आपल्या तोंडात यांपैकी काय आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊकच नव्हते! फोनवरून विचारणा झाली, छायाचित्रे पाठविली गेली, तेव्हा कोठे लोक आरशापुढे उभे राहून आपली तार न्याहाळू लागले. गालात रुतणारे तारेचे टोक पेन्सिलीच्या रबराने हलकेच आत दाबावे, त्यावर दंतवैद्याने दिलेले मेण लावावे, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात, हे ज्ञान त्या दिवसांत घरोघरी पोहोचले. चिक्की, ऊस, कडक खोबरे यांनी कडी निखळते, हेही कित्येकांना कडी निखळल्यावरच उमगले.

खरा धोका निराळाच होता, आणि त्याची चिंता फार थोड्यांनी केली. घरी बसल्यावर तोंड दिवसभर चालते. कडीच्या भोवती अन्नकण अडकतात, जिवाणूंचा चिकट थर साचतो, आणि साखर मिळताच ते जिवाणू आम्ल निर्माण करतात. आम्लता मोजण्याच्या पीएच मापाने तेथील अंक सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. ब्रश नीट न फिरविल्यास अवघ्या चार आठवड्यांतही याचा आरंभ दिसू शकतो. फ्लोराईडयुक्त पेस्ट आणि तारेखालून जाणारा बारीक ब्रश हे यावरील उपाय. त्यांसाठी दवाखाना उघडण्याची वाट पाहावी लागत नव्हती. हे डाग दुखत नाहीत, म्हणून त्यांची वार्ता लागत नाही. अखेर कड्या निघतात, दात सरळ झालेले दिसतात, आणि जेथे कडी होती त्या जागेभोवती खडूसारखी पांढरी चौकट उमटलेली असते.