काळी जमीन सगळेच पचवते काय?



गटावर फिरताना आम्हांला नेहमी ऐकायला मिळते, "काळी जमीन हाय साहेब, काय बी टाका, पचवती." हे बोलणे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे विहिरीच्या पाण्यात उतरते.

आधी घरीच एक प्रयोग करून बघा. तळाला भोके पाडलेले दोन डबे घ्या, आत फडके घाला. एकात काळी माती, दुसऱ्यात धुतलेली वाळू भरा. जेन्शन व्हायोलेट या जांभळ्या औषधाचे चार थेंब तांब्याभर पाण्यात टाकून ते दोन्हींत हळूहळू ओता. वाळूतून रंगीत पाणी येईल. मातीतून सावकाश येईल, पण रंग बराचसा मातीतच राहील.

असे का? चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. धन भाराचे पदार्थ त्यांना चिकटतात. हा रंग तसा. अमोनिया, पालाश, जस्त, शिसेही तसेच. ह्यूमस, म्हणजे पुरता कुजलेला सेंद्रिय भाग, तर चिकणमातीपेक्षाही जास्त धरतो. चुनखडीमुळे जड धातू सहज विरघळत नाहीत आणि जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. अशी ही शिवाराची गाळणी आहे.

पण नायट्रेटवर भार ऋण! युरियाचे आधी अमोनिया आणि मग नायट्रेट होते. माती ते धरत नाही. जादा पाण्याबरोबर ते मुळांखाली जाते, उथळ मुरमातून विहीर गाठते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नको, असे भारतीय मानक सांगते. जास्त झाल्यास तान्ह्या बाळाचे रक्त प्राणवायू पुरेसा वाहू शकत नाही. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, हे घरच्या बायामाणसांना जरूर सांगा.

तेव्हा एवढे करा:

1. सुरू उसाचे हेक्टरी 250 किलो नत्र एकदम टाकू नका. लागणीला 10 टक्के, 6 ते 8 आठवड्यांनी 40, 12 ते 16 आठवड्यांनी 10 आणि मोठ्या बांधणीला 40 टक्के द्या.

2. पाचट पेटवू नका, सरीत कुजवा.

3. हलक्या जमिनीला पाणी थोडे पण वरचेवर द्या.

4. माती आणि विहिरीचे पाणी तपासून घ्या.

खताचा पैसा आपला, विहीरही आपलीच. तरी सर्व सभासदांनी यंदाच्या लागणीपासूनच हे अमलात आणावे, ही विनंती.

— शेतकी विभाग