खेळाची जादा तासिका

लंगडी घालताना वर्गातला एखादा मुलगा चार पावलांतच पाय टेकतो, तर एखादी मुलगी सारे मैदान पालथे घालते. ‘त्याच्या अंगातच ते नाही,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण हे खरे आहे काय?

एका पायावर उभे राहून पाहा. आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिका डोके कसे वळले ते कळवतात, डोळे भोवतालची खबर देतात आणि स्नायू व सांधे यांतील संवेदक गुडघा किती वाकला ते सांगतात. ही सारी वार्ता अनुमस्तिष्काकडे, म्हणजे लहान मेंदूकडे जाते. तोल जाऊ लागला की तो चूक हेरतो व हालचाल सुधारतो. पुनःपुन्हा असे घडले की चेतापेशींमधील जोडण्या बदलतात व हालचाल अंगवळणी पडते. अशा हालचालींच्या कौशल्याला ‘कारक क्षमता’ म्हणतात. म्हणजे पडणे, सावरणे हाही अभ्यासच. आता गंमत पाहा : जो लवकर बाद होतो तो बाहेर बसतो. ज्याला सरावाची गरज अधिक, त्यालाच तो सर्वांत कमी!

समजा, वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरच्या एखाद्या शाळेने पाचवीला खेळाच्या दोन तासिकांऐवजी पाच दिल्या. जुलैत मुलांची उडी मोजली, मार्चमध्ये पुन्हा मोजली. ती वाढलेली निघाली. हा तासिकांचा परिणाम का? घाई करू नका. मधल्या काळात मुलांचे पायही लांब झाले! वाढीचा वाटा कोणता आणि तालमीचा कोणता, हे ओळखण्यासाठी जादा तासिका न मिळालेली, त्याच वयाची मुले शेजारी हवीत. त्यांना ‘तुलना गट’ म्हणतात.

स्वीडनमधील माल्मो शहरात एका शाळेत नेमके हेच करण्यात आले. १२९ मुलांना रोज ४५ मिनिटे शारीरिक शिक्षण मिळाले. ज्यांची हालचाल कच्ची होती त्यांना आठवड्यात आणखी एक खास तास. तुलना गटातील ९१ मुलांना आठवड्यात दोनच तासिका होत्या. ही पाहणी नऊ वर्षे चालली. नववीत पहिल्या गटातील ७ टक्के मुलांच्या हालचालींत उणिवा आढळल्या, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के! अभ्यास मागे पडला म्हणावे, तर पुढील शिक्षणास पात्र ठरलेली मुले पहिल्या गटात ९६ टक्के व दुसऱ्यात ८९ टक्के होती. मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून सारे श्रेय खेळालाच देताना थोडे जपून. मला त्यातला खास तास अधिक मोलाचा वाटतो. कच्च्या मुलाला तेथे बाहेर बसवले नाही, उलट जास्त डाव दिले.

यासाठी महागडी साधने लागतात असे नाही. आपल्या विदर्भातच, अमरावतीला, १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची परंपरा जोपासली आहे. खो-खोच घ्या ना! पाठीवर थाप पडताच उठायचे, धावत्या गड्यावर नजर ठेवायची, खांबाला वळसा घालताना तोल सांभाळायचा. तिन्ही गोष्टींची परीक्षा एकाच खेळात.

तुम्हीही वर्गात प्रयोग करा. मित्राने पट्टी उभी धरून न सांगता सोडावी. शून्याच्या खुणेशी बोटे ठेवून तुम्ही ती पकडावी. २० सें.मी.वर पकडलीत तर प्रतिक्रिया-काल सुमारे ०.२० सेकंद, ११ सें.मी.वर पकडलीत तर ०.१५ सेकंद. दहा वेळा करून सरासरी काढा. डोळे मिटून एका पायावर किती सेकंद उभे राहता तेही नोंदवा. मग चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा. एका गटाने सहा आठवडे रोज पंधरा मिनिटे लंगडी व खो-खो खेळावे, दुसऱ्याने नेहमीप्रमाणेच राहावे. शेवटी दोन्ही गट पुन्हा मोजा. पण कोण कोणत्या गटातला, हे मोजणाऱ्याला आधी सांगू नका. आणि सहा आठवडे संपले की दुसऱ्या गटालाही तेवढेच डाव द्या.