गोडाची ओढ आणि रसनाजय

मागच्या चातुर्मासात एका गावी प्रवचन आटोपल्यावर एक पन्नाशीचे गृहस्थ आमच्याजवळ येऊन बसले. प्रसादाचा पेढा त्यांच्या हातात तसाच होता. म्हणाले, “महाराज, डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय. चारदा सोडलं आन् चारदा धरलं. आता तुम्हीच सांगा, हे सुटतं कसं?” आम्ही त्यांना ‘नाम घ्या, निश्चय करा’ असे दोन शब्द सांगून वाटेस लावले. परंतु घरी येईपर्यंत ते उत्तर आमचे आम्हांसच टोचत राहिले. कारण निश्चय तर त्यांनी चारदा केलाच होता. निश्चय करूनही सुटत नाही, हाच त्यांचा प्रश्न होता. आणि खरे सांगावयाचे तर एके काळी तोच आमचाही होता. त्या गृहस्थांना द्यावयाचे राहिलेले उत्तर आज येथे लिहीत आहोत.

कोणी म्हणेल, साखर ही डॉक्टरांची बाब. हरिदासाने तीत कशाला पडावे? तर सज्जनहो, रसनेचा विचार आपल्या ग्रंथांनी सोडलेला नाही. श्रीमद्भागवताच्या ज्या एकादश स्कंधावर नाथमहाराजांनी टीका केली आणि जी १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण झाली, त्याच स्कंधात यदु-अवधूत संवाद आहे. अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत मासा हा एक. गळाच्या आमिषाला भुलून तो प्राणास मुकतो, इथवर आम्ही सारेच कीर्तनकार सांगतो. पुढचा विचार मात्र घाईत राहून जातो. तो असा, की आहार तोडला म्हणजे बाकीची इंद्रिये ढिली पडतात, रसनेचे मात्र उलट आहे. उपाशी माणसाची रसना अधिकच बळावते. ज्या उपायाने इतर इंद्रिये आवरतात, त्याच उपायाने ही एक हातची निसटते! हे आम्ही तीस वर्षे लोकांस सांगत होतो. त्याचा अर्थ आम्हांस साठीच्या उंबरठ्यावर कळला, आणि तोही पोथीतून नव्हे, पायाच्या जखमेतून.

२०१८ च्या आषाढी वारीतील गोष्ट. लोणंदचा मुक्काम हलला, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण झाले, आणि तरडगावी पाय धुवावयास बसलो तो पाण्यात रक्त दिसले. उजव्या वहाणेत बोराच्या बीएवढा खडा होता. तो केव्हा शिरला, किती वेळ रुतत होता, काही म्हणता काही कळले नव्हते. दिंडीतील मंडळी म्हणाली, “महाराज नामात दंग होते, म्हणून कळलं नाही.” आम्हांसही ते ऐकून बरे वाटले, खोटे कशाला सांगा! औषधोपचाराच्या तंबूत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बोट टोचून रक्त पाहिले. आकडा निघाला ३१२. त्या म्हणाल्या, “माउली, नामात दंग असाल, नाही कोण म्हणतं? पण तुमचे तळपाय बधिर झालेत. ही साखर आजची नाही, पुष्कळ दिवसांची आहे.” पुढची सारी वाट आम्ही टेम्पोत बसून पाहिली. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडले. जखम भरावयास तीन महिने लागले. बोट काढावे लागेल की काय, अशी भीती मध्यंतरी डॉक्टरांनी बोलून दाखविली होती.

संस्कृतात ‘शर्करा’ शब्दाचा एक अर्थ खडे, रेव असा आहे. साखरेस ते नाव तिच्या खडेदारपणावरून पडले. पाठशाळेत कोश घोकताना दोन्ही अर्थ पाठ केले होते. ते दोन्ही अर्थ एकाच पायात येऊन भेटतील, हे मात्र कोणी शिकविले नव्हते.

आता शास्त्रार्थ थोडक्यात. रक्तात साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे ती बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडविते. म्हणून डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांवर आधी घाला पडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले; त्यांत आपल्या देशात मधुमेहाचे रोगी १० कोटी १० लाख आणि त्या वाटेवर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख असा हिशेब निघाला. केवळ साखर खाल्ल्यानेच हा रोग होतो असे नव्हे. घराण्यातून येतो, पोटाच्या घेराने येतो, बसून राहण्याने येतो. चरकाचार्यांनीही प्रमेहाच्या कारणांत गुळाच्या पदार्थांबरोबर बसण्याचे सुख आणि झोपेचे सुख ही दोन मांडली आहेत. परंतु गोडाने घेर वाढतो, आणि रोग जडल्यावर तर गोड म्हणजे आगीत तेल.

“पण महाराज, आम्ही गोड खातोच किती?” असे पुष्कळजण म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. मग एक दिवस मोजले. कीर्तनकार गावात गेला म्हणजे घरोघरी पायधूळ झाडावी लागते आणि घरोघरी चहा. आठ घरे झाली. कपाला दोन चमचे धरले तर सोळा चमचे. चमच्याची साखर चार ग्रॅम धरली तरी चौसष्ट ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले ते असे, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस मिळून प्रौढ माणसास दिवसाकाठी सुमारे पन्नास ग्रॅमच्या आत असावी, पंचवीसच्या आत असल्यास अधिक बरे. म्हणजे आमचा दिवसाचा शिधा पंगतीत बसण्यापूर्वी नुसत्या चहातच संपून वर कर्ज झाले होते. रात्रीचे आटीव दूध आणि बुंदी अजून यावयाचीच होती.

त्या वर्षीच्या वारीनंतर आम्ही काय केले? जे त्या गृहस्थांनी चारदा केले, तेच. तुळशीच्या माळेस हात लावून कडक नियम केला, की आजपासून गोडाचा कण नाही. (चातुर्मासात वांगे सोडणारी मंडळी आपण पाहतोच. ज्याला वांगे मुळात आवडत नाही त्याचा हा नियम फार निर्विघ्न पार पडतो! आम्ही निदान आवडीचे सोडले होते.) सोळा दिवस चालले. सतराव्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले, दुपारचे दोन वाजले, पोटात सकाळपासून बिनसाखरेच्या चहावाचून काही नाही, आणि समोर पत्रावळीत जिलबी आली. किती खाल्ली ते मोजले नाही. उठल्यावर मनाशी म्हटले, ‘प्रसादाला नाही म्हणू नये.’

येथे थोडे थांबावे लागते, कारण खरी गोम येथेच आहे. प्रसाद म्हणजे काय? तो हाताच्या तळव्यावर मावतो. कण मिळाला तरी पूर्ण मिळाला. गोपाळकाल्यात काय असते? लाह्या, पोहे, दही, एखादी मिरची, लोणच्याची फोड. त्यात साखरेचा पाक कोठे आहे? सात जिलब्यांना प्रसाद म्हणणारे आम्ही देवाचे नाव आपल्या जिभेवर पांघरीत होतो. रोगाहून हे अधिक लाजिरवाणे वाटले. तेव्हापासून आम्ही प्रसाद घेतो तो चिमटीत, डोळ्यास लावून, आणि उरलेला शेजारच्या पोरास देतो. प्रसाद नाकारला असेही होत नाही आणि पोटही फसत नाही. मात्र ज्यांना डॉक्टरांनी कणाचीही बंदी केली असेल, त्यांनी तुळशीचे पान मागावे.

दुसऱ्या खेपेस आम्ही अवधूताचे म्हणणे उलटून पाहिले. उपाशी माणसाची रसना बळावत असेल, तर आधी उपाशी राहणे सोडले पाहिजे! कीर्तनकाराचा दिवस पाहा. आवाज जड होतो म्हणून संध्याकाळी जेवण नाही. नऊ ते अकरा उभे राहून कीर्तन. मग बोलणे-बसणे, झोपावयास एक. पहाटे काकड्याला पुन्हा जाग. अपुऱ्या झोपेने गोडाची वासना वाढते असे डॉक्टर सांगतात, आणि आमचा अनुभव तोच आहे. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात वरवर पालवी खुडून मुळाशी पाणी घालणाऱ्याचा दृष्टांत दिला आहे, तो आमच्यावर तंतोतंत बसत होता. दिवसभर पेढे खुडीत होतो आणि भुकेचे व जागरणाचे पाणी मुळाला घालीत होतो.

म्हणून नियम गोडाचा न करता भुकेचा केला. सायंकाळी साडेसहाला ज्वारीची एक भाकरी, मुगाची उसळ किंवा पिठले, वाटीभर ताक. आवाजास काही होत नाही. दोन तासांत पोट हलके होते. कीर्तनानंतर दूध आले तर बिनसाखरेचे, नाहीतर मूठभर फुटाणे. दुपारी अर्धा तास आडवे होणे. एवढ्यानेच रात्रीची ती ओढ निम्मी झाली. हे आम्ही निश्चयाच्या बळाने केले नाही. पोट भरलेले होते, इतकेच.

चहाचे मात्र टप्प्याने करावे लागले. दोन चमच्यांचा दीड, पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा, मग काही नाही. अडीच महिने गेले. पहिले दोन आठवडे प्रत्येक टप्प्यावर चहा म्हणजे काढा वाटे. मग जीभ मुकाट्याने वळणावर येई. आज कोणी चुकून साखरेचा कप दिला तर एका घोटात जीव नको होतो. आणि नवल असे, की दुधाला स्वतःची गोडी आहे, भाकरी चावता चावता गोड होते, गाजर तर चांगलेच गोड आहे, हे साठ वर्षांत प्रथम समजले.

आता काही आडवाटा सांगतो, कारण सोडणारा माणूस बहुधा येथेच सापडतो. पहिली वाट गुळाची. हल्ली रस्तोरस्ती गुळाच्या चहाच्या पाट्या दिसतात आणि लोक औषध घेतल्याच्या तोऱ्यात तो पितात. गूळ उसाचाच, आणि त्यातला मोठा भाग साखरच. थोडी खनिजे अधिक असतील. म्हणून मधुमेही माणसास तो चालतो, हे खरे नव्हे. मधाचेही तेच. दुसरी वाट उपवासाची. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ पिठूळ भाग, पोटात जाऊन झटपट साखरच होतो. वर बटाटा, रताळ्याचा गोड कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. एकादशीच्या दिवशी आमची साखर इतर दिवसांहून वर जात असे, आता बोला! आता आम्ही ताक, काकडी, शेंगदाण्याची आमटी, तीवर थोडी भगर आणि एखादे फळ एवढ्यावर एकादशी करतो. फळ चावून खावे. रस काढून पिऊ नये.

राहिला आग्रह. ही सगळ्यांत कठीण गोष्ट, कारण समोर प्रेम उभे असते. एका घरी आजीबाई पुरणपोळीचे ताट घेऊन म्हणाल्या, “महाराज, एवढी एक घ्याच. माझ्या हातची पुन्हा मिळंल न मिळंल.” आता काय करावे? आम्ही म्हटले, “आजी, मला तुमच्या कटाच्या आमटीची भूक आहे, ती वाढा.” दोन वाट्या आमटी घेतली. म्हातारी तृप्त झाली. यजमानास ‘नाही’ ऐकवत नाही. दुसरे काही मागून घेतले की त्याचे वाढणे वाया जात नाही. आणि आम्ही दुसरेही एक केले. सप्ताहाचे निमंत्रण घेतानाच सांगून ठेवतो, की आमच्यासाठी भाकरी-पिठले. प्रथम काहींना ते दिखाऊ वाटले. मग पंगतीत भाकरी मागणारे आणखी पाच-सात निघू लागले. ते सारे इतके दिवस आमच्यासारखेच गप्प बसून जिलबी खात होते.

चूक होत नाही असे नाही. गेल्या दिवाळीत नातीने हाताने करंजी भरवली, ती खाल्ली, दुसरीही खाल्ली. पूर्वी अशा वेळी ‘नियम मोडलाच आहे’ म्हणून डबा रिकामा होई. आता संध्याकाळी नेहमीची भाकरी खाऊन नेहमीसारखे चालावयास जातो. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते ती दहाच्या वर होती. ती सातावर आली आहे. गोळ्या सुटलेल्या नाहीत, आणि कोणी आमचे वाचून आपल्या गोळ्या सोडू नयेत. तळपायाची बधिरताही पुरती गेलेली नाही. वहाण घालण्यापूर्वी ती उलटी करून झटकतो आणि रात्री आरसा धरून तळवे पाहतो.

शेवटी एक सूचना, विशेषेकरून गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्या वारकऱ्यांसाठी. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपास घडला किंवा चालणे फार झाले, तर साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे असंबद्ध होते. त्या वेळी नियम, एकादशी, पथ्य सारे बाजूस ठेवून तीन चमचे साखर ताबडतोब पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी, आणि मग थोडे अन्न खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखाना गाठावा. उपास करावयाचा तर गोळ्यांचे काय करावे, हे आधी डॉक्टरांस विचारून ठेवावे. आमच्या बंडीच्या डाव्या खिशात साखरेची पुडी नेहमी असते. ती कोठे आहे, हे वीणेकऱ्यास आणि दोघा टाळकऱ्यांस दाखवून ठेवले आहे.