गुन्हा दाखल झाला. मुलाच्या पोलीस भरतीचे काय?

प्रश्न : बांध कोरण्यावरून चुलतभावाशी भांडण झाले. झटापटीत खोऱ्याचा दांडा लागून त्याला जखम झाली. त्याने माझ्यावर आणि मुलावर फिर्याद दिली. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचे कलम ११८(१) लावले असून हजर राहण्याची नोटीस आली आहे. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. अटक होईल का? भाऊबंद म्हणतात, गावातच मिटवा.
– एक शेतकरी, ता. नेवासा

उत्तर : फिर्याद दाखल झाली म्हणून तुमचा मुलगा गुन्हेगार ठरलेला नाही. ते फक्त न्यायालय ठरवते, आणि त्याला अजून बराच अवकाश आहे.

हे कलम अजामीनपात्र असले तरी शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावले आहे. तुम्हाला आलेली नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची असणार. तारखेला हजर राहिलात, तर लेखी कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणून पाहुण्यांच्या गावी जाऊन बसू नका. तसे केले तर अटकेचे कारण तुम्हीच पुरवाल. तरी धास्ती वाटत असेल, तर नेवाशाच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. फिर्यादीची प्रत राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. ती वाचूनच ठाण्यात जा. नोटिशीची पोच वाचून सही करा, कोऱ्या कागदावर मात्र मुळीच नको. वकिलाची फी झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

पुढे दोषारोपपत्र दाखल झाले की त्याची प्रत मोफत मिळते. पुरावाच नसेल, तर प्रत मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा अर्ज करता येतो.

मिटवायला माझा विरोध नाही, उलट भावकीत तेच बरे. पण पारावर बसून स्टॅम्पपेपर केला म्हणून गुन्हा संपत नाही. दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तो रद्द करून घ्यावा लागतो. सोबत भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हेच भांडण पुन्हा उभे राहील.

आता भरती. मला खरी काळजी इथे वाटते. निवड झाल्यावर साक्षांकन नमुन्यात गुन्ह्यांची माहिती विचारतात, आणि घाबरून अनेक मुले तिथे 'नाही' लिहितात. पडताळणीत ते उघडे पडतेच. खरी माहिती दिली म्हणजे नोकरी मिळेलच असे नाही. पण २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार माहिती दडवणे हेच निवड रद्द होण्याचे कारण ठरू शकते. गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, कलमे आणि खटल्याची सद्यःस्थिती, सगळे जसेच्या तसे लिहायला मुलाला सांगा.