धोरणाची वकिली: वाट तालुका कोर्टातूनच जाते

बारावीनंतर लॉ करायचे म्हटले, तर सातारा-सांगलीकडच्या घरांत फारशी खळखळ होत नाही. वकिली ओळखीची आहे. भावकीत एखादा काळा कोट असतोच आणि वाटणीच्या दाव्यामुळे कोर्टाची पायरीही बहुतेकांनी चढलेली असते. घोर लागतो तो पुढच्या वाक्याने, मुलगी जेव्हा म्हणते की मला एखाद्या पुरोगामी संस्थेत कायदा आणि धोरण यांवर काम करायचे आहे. मग आईवडिलांपुढे उभे राहतात ते मोर्चे, झोळी आणि महिनोन्‌महिने थकलेला पगार. दुसरीकडे, या क्षेत्राकडे ओढ असलेल्या मुलांचा समज असतो की त्यासाठी दिल्ली गाठावी लागते, फाडफाड इंग्रजी यावे लागते आणि साताऱ्यातल्या लॉ कॉलेजात शिकून ते जमणार नाही. मला दोन्ही समज चुकीचे वाटतात. धोरणाची वकिली म्हणजे समाजसेवेचा छंद नव्हे, ते एक कसब आहे. आणि त्या कसबाचा कच्चा माल जिथे कायदा प्रत्यक्ष वापरला जातो तिथे, म्हणजे तालुक्याच्या कोर्टात, पोलीस ठाण्यात आणि तहसील कचेरीत मिळतो.

हे कसब कसले, ते जादूटोणाविरोधी कायद्यात पाहायला मिळते. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि या कायद्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, पाठोपाठ अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. भाषणात अंधश्रद्धेविरुद्ध बोलणे सोपे. कायद्यात ती पकडणे महाकठीण, कारण एकाची श्रद्धा ती दुसऱ्याची अंधश्रद्धा. म्हणून या कायद्याने व्याख्येच्या भानगडीत न पडता अनुसूचीत 12 कलमांत थेट कृतीच मांडल्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे; साप किंवा विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणे. हवालदाराला श्रद्धेचा निवाडा करावा लागत नाही. धुरी दिली की नाही, एवढेच तपासावे लागते. शिवाय प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही, हे स्वतंत्र कलमात लिहिले आहे. वारकऱ्यांच्या मनातली शंका आणि विरोधकांचा आक्षेप या दोन्हींना तिथे एकाच ठिकाणी उत्तर मिळते. असे कलम लिहायला कायद्याइतकीच गावाची जाण लागते.

दुसरे उदाहरण गर्भलिंगनिदानाचे. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात पहिल्यांदा याविरुद्ध कायदा केला आणि 1994 मध्ये केंद्राचा आला. तरी 2011 च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली 900 च्या आतच होत्या. मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला पुरलेले 19 भ्रूण सापडले. कायदा असून असे का होते? कारण या गुन्ह्यात फिर्यादीच नसतो. डॉक्टर, नवरा, सासू सगळे एका बाजूला. जिच्या पोटात गर्भ, ती दबावाखाली गप्प. आणि जी तक्रार करू शकली असती ती जन्मालाच येत नाही. यावर कायद्याने तोड काढली ती कागदाची. प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी एफ फॉर्म भरायचा, आणि त्यात त्रुटी आढळली तर कायद्याचा भंग झाला असे गृहीत धरून तो झाला नाही हे डॉक्टरने दाखवायचे. साक्षीदार फितूर होतो, फॉर्म होत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने कारकुनी चुकीला एवढी शिक्षा कशासाठी म्हणून या तरतुदीला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती कायम ठेवली. याच कायद्याच्या कलम 28 नुसार सामाजिक संस्थासुद्धा समुचित प्राधिकाऱ्याला 15 दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात तक्रार करू शकते. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी दलित महिला विकास मंडळ आणि लेक लाडकी अभियानातून, गर्भवती स्त्रियांच्या सहकार्याने सापळे लावून, या कायद्याचे कागदावरचे दात प्रत्यक्षात वापरून दाखवले. 2025 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

या दोन्ही उदाहरणांवरून जे निघते ते करिअरच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा अमलात यावा म्हणून ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, 2003 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. दिल्लीत युक्तिवाद झाला खरा, पण कायदा अमलात येत नाही हे दिसत होते ते जिल्ह्यांमध्ये. पंचनामा कुठे कच्चा राहतो, तारखा पडत गेल्या की साक्षीदार कसा ढिला होतो, कुठला अधिकारी कुठल्या कागदावर सही टाळतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा मसुदा टिकतो. बाकीच्यांचे मसुदे वाचायला सुंदर असतात. म्हणून साताऱ्याचे इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज किंवा सांगलीतले एखादे विधी महाविद्यालय निवडणाऱ्याने कमीपणा मानू नये. राष्ट्रीय विधी विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि खर्च झेपला तर जरूर जावे. तिथले ग्रंथालय, स्पर्धा आणि ओळखी यांचा फायदा खरा आहे. पण नाही मिळाला तर दार बंद होत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यासाठी राज्याची सीईटी; त्यापुढची वकिलीची सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा, ही वाट सगळ्यांना सारखीच. सनदेची नोंदणी फी 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खुल्या वर्गासाठी 750 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपयांवर आली आहे. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले, त्यामुळे जनहित याचिकेचे काम शिकायला मुंबईतच खोली घ्यावी लागेल असे राहिलेले नाही.

इंग्रजीचा मुद्दा मात्र झटकून टाकता येणार नाही. याचिका इंग्रजीत लिहितात, निकाल इंग्रजीत येतात, देणगीदाराला अहवाल इंग्रजीत लागतो. पण लागते ते लिहिण्याचे इंग्रजी, बोलण्याचा झोक नव्हे, आणि ते रोज एक निकाल वाचून त्याचे पानभर टिपण काढण्याच्या सवयीने येते. उलट मराठीचे भांडवल राजधानीतल्या वकिलाकडे नसते. विधिमंडळाची चर्चा, शासन निर्णय, फिर्याद आणि जबाब मराठीत असतात. आमदारासमोर ठेवायचे टिपणही मराठीतच हवे.

आता पैशाची गोष्ट. कॉर्पोरेट फर्मइतका पगार इथे मिळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. पण तालुका कोर्टातल्या ज्युनिअरलाही सुरुवातीची वर्षे जवळजवळ फुकटच काम करावे लागते, हे आईवडील विसरतात. तुलना करायची तर त्याच्याशी करावी. खरा धोका पगाराच्या आकड्यापेक्षा मुदतीत आहे. बहुतेक नेमणुका प्रकल्पापुरत्या असतात आणि निधी आटला की काम थांबते. परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी गेली की मोठ्या संस्थाही अडचणीत येतात. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याच्या मसुद्यावर मोलाचे काम केलेल्या लॉयर्स कलेक्टिव्हचीसुद्धा अशी नोंदणी 2016 मध्ये रद्द झाली. त्यातच बार कौन्सिलचा नियम असा की पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला त्या काळात वकिली करता येत नाही. नेमणूक पगारावर की मानधनावर, आणि सनदेचे काय, हे रुजू होण्याआधी विचारले नाही तर पुढे पस्तावायची पाळी येते. म्हणूनच पदवीनंतर लगेच संस्थेत न जाता आधी दोन-तीन वर्षे जिल्ह्यातल्या चांगल्या फौजदारी वा दिवाणी वकिलाकडे काढावीत, असा माझा आग्रह आहे. त्यात उलटतपासणी समजते, आणि उद्या निधी संपला तरी सनद आणि पक्षकार हाताशी राहतात. संस्थेलाही असाच माणूस हवा असतो.

‘पुरोगामी’ हा शिक्का लागला तर पुढे सरकारी नोकरीची दारे बंद होतील का, अशी भीती पालक दबक्या आवाजात बोलून दाखवतात. संस्थेच्या वतीने केलेले संशोधन किंवा कायदेशीर काम हा काही गुन्हा नाही, आणि सरकारी वकील, न्यायिक सेवा, विधी सेवा प्राधिकरण यांच्या परीक्षा व मुलाखतींत असा अनुभव उलट उपयोगीच पडतो. मात्र आंदोलनात अंगावर गुन्हा नोंदला गेला तर चारित्र्य पडताळणीत त्याचे उत्तर द्यावे लागते, हे तरुणांनी लक्षात ठेवावे. धोक्याचा प्रश्नही आहेच. दाभोलकरांचा खून आठवणाऱ्या आईला ‘काही होत नाही’ असे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही. पण मसुदे लिहिणाऱ्या वकिलाचे बहुतेक दिवस फायलींत जातात. जिथे सापळा किंवा जातपंचायतीशी सामना असतो तिथे संस्था पोलिसांना आधी कळवते का, कार्यकर्त्याला एकटे पाठवते का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे. ज्या संस्थेला हे प्रश्न खटकतात, तिथे मुलीला पाठवू नये.

थोडक्यात, ज्याला वाद घालायला आवडते पण वाचायचा कंटाळा आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला एकाच कलमावर आठवडाभर डोके घालता येते, हरलेली याचिका पुन्हा नव्या मुद्द्यावर उभी करता येते आणि श्रेय दुसऱ्याला मिळाले तरी चालते, त्याच्यासाठी हे काम आहे. अजमावून पाहायचे तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा जवळच्या संस्थेत एक सुट्टी काढावी आणि एकच कायदा निवडून तो आपल्या तालुक्यात कुठे अडतो यावर दहा पाने लिहावीत. ती लिहिताना मुलगा कंटाळला, तर आईवडिलांची चिंता मिटली. रमला, तर त्याला अडवण्यापेक्षा आधी सनद, मग ज्युनिअरशिप, मग संस्था, या क्रमावर त्याच्याशी बोलणी करावीत.