त्वचेचें एक जीवनसत्त्व

हल्लीं मलमांच्या वेष्टनांवर ‘नायसिनामाइड’ हें नांव वारंवार आढळतें, व तें काय आहे हें न जाणतांच पुष्कळ विद्यार्थी त्याचा उपयोग करितात. यास्तव या द्रव्याचा थोडा विचार आपण करूं.

नायसिनामाइड हें तिसऱ्या ‘ब’ जीवनसत्त्वाचें एक रूप होय. त्वचेशीं असलेला त्याचा संबंध एका रोगामुळें उघडकीस आला. अमेरिकेच्या दक्षिण भागांत मुख्यतः मक्यावर निर्वाह करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नांवाचा विकार जडत असे. उन्हास उघड्या राहिलेल्या कातडीवर चट्टे उठत, अतिसार होई, आणि शेवटीं बुद्धिभ्रंशही होई. कित्येकांस हा रोग सांसर्गिक वाटे. परंतु डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं १९१४ सालापासून शोध चालविला व अनाथालयांतील मुलांच्या आहारांत दूध, मांस, अंडीं व कडधान्यें वाढवून तो विकार नाहींसा करून दाखविला. पुढें १९३७ सालीं एल्वेहेम या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांवरून आहारांतील उणें द्रव्य हेंच जीवनसत्त्व असल्याचें ठरलें. आपल्या दख्खनमध्यें ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या लोकांतही हा विकार आढळला, व हैदराबाद येथें डॉ. सी. गोपालन यांनीं त्याचा अभ्यास केला. म्हणून भाकरीबरोबर डाळ, दूध व शेंगदाणे असावेत, हा आहाराचा पहिला धडा होय.

आतां मलमाकडे वळूं. त्यांत हें द्रव्य बहुधा शेंकडा २ ते ५ असतें. त्यायोगें कातडींतील स्निग्ध पदार्थ वाढून ओलावा टिकतो. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींतून त्याचे कण वरच्या पेशींत कमी प्रमाणांत जातात. त्यामुळें डाग हळूहळू फिकट होतात. मात्र यास कित्येक आठवडे लागतात, आणि उन्हापासून जपलें नाहीं तर डाग पुन्हां उमटतात.

हें द्रव्य सामान्यतः निर्धोक आहे. तरीही कांहींच्या कातडीची आग होते; प्रमाण वाढविल्यानें गुण त्याच मानानें वाढतो असें नाहीं. प्रथम हाताच्या आंतल्या बाजूस थोडें लावून कांहीं दिवस वाट पाहावी. आग किंवा पुरळ आल्यास तें सोडून द्यावें. खरा धोका आहे तो निराळाच : गोरेपणाच्या लोभानें घेतलेल्या निनांवी मलमांत पारा किंवा स्टेरॉइड असूं शकतें. पाऱ्यानें मूत्रपिंडास अपाय होतो, स्टेरॉइडनें कातडी पातळ पडते. अशीं मलमें पालकांनीं घरांत येऊं देऊं नयेत.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जें रंगद्रव्य कातडी सांवळी करितें, तेंच उन्हाच्या तापापासून तिचें रक्षणही करितें. डाग हा उपचाराचा विषय होऊं शकेल. परंतु सांवळा वर्ण हा रोग नव्हे, आणि त्यावर औषध शोधण्याचें कारणही नाहीं.