जुन्या जीपच्या पुढच्या चाकांतील विषमता : तिची परीक्षा

बैलगाडीचा आंस वांकला तर गाडीवानास तें चार पावलांत कळतें. जुन्या जीपचें तसें नाहीं. तिचें एक पुढचें चाक बोटभर मागें सरकलेलें असतें. मालक स्टिअरिंग किंचित् एका बाजूस धरून गाडी हांकीत राहतो, आणि टायर एका कडेनें झिजला म्हणजे अलाइनमेंट करून आणतो. कांहीं दिवसांनीं नवा टायरही तसाच झिजतो. कारण उघड आहे : दोष जेथें होता तेथें कोणीं पाहिलेंच नाहीं. हा दोष घरच्या अंगणांत ओळंबा, दोरी, खडू व मोजपट्टी एवढ्या साधनांनीं कसा शोधावा, हें या लेखांत आम्ही सांगणार आहों.

रचना

१९४७ सालीं मुंबईस महिंद्रा कंपनीनें विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घाटाच्या कित्येक जुन्या गाड्या अद्याप शेतीच्या कामीं चालू आहेत. अशा गाडीचा पुढचा आंस अखंड असून तो दोन कमानपाट्यांस यू-बोल्टांनीं आंवळलेला असतो. पाट्याचें मागचें टोंक चासीस एका जागीं पक्कें असतें, व पुढचें टोंक शॅकलवर झुलतें. पाट्याचीं सर्व पानें एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टाचें डोकें आंसाच्या बैठकीवरील भोंकांत बसतें. आंस पुढेंमागें कोठें असावा, हें त्या लहानशा डोक्यावर अवलंबून असतें.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानांत यावी. या आंसाचें स्थान फिरविण्यास कोणताही स्क्रू ठेविलेला नाहीं. तो जागचा हलला असेल तर कांहींतरी तुटलें, सैल झालें किंवा वांकलें आहे. टायरॉड फिरवून चाकांचीं तोंडें जुळतात. आंस जागेवर येत नाहीं.

तयारी

गाडी रिकामी करून सपाट जागीं, शक्य तर सिमेंटच्या खळ्यावर, उभी करावी. चारी टायर एकाच मापाचे व डावे-उजवे सारख्याच हवेचे असावेत. दहापंधरा पावलें सरळ ढकलून मग थांबवावी, म्हणजे पाटे आपल्या ठिकाणीं बसतात. मागच्या चाकांस दोन्हीकडून दगड लावावे. मडगार्डापासून कोणतेंही माप घेऊं नये. जुन्या गाडीचे पत्रे अनेकदां ठोकलेले व पुन्हां बसविलेले असतात, आणि डोळ्यास प्रथम फसवितात ते तेच.

मोजणी

पहिली : चारी हबांच्या मध्यावरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनें चार खुणा कराव्या. डाव्या बाजूच्या दोन खुणांतील व उजव्या बाजूच्या दोन खुणांतील अंतर मोजावें. सीजे-३बी या गाडीचें हें अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर असतें. दोनतीन मिलिमीटरांचा फरक हाताचा समजावा. सेंटिमीटरभर फरक दोनतीन वेळां मोजूनही राहिला तर दोष निश्चित.

दुसरी : त्याच खुणांचे दोन कर्ण मोजावे. बाजू सारख्या पण कर्ण असमान, तर एखादा आंस आडवा सरकला आहे, किंवा चासी तिरपी झाली आहे. अशा वेळीं चासीवरील पाट्यांच्या पक्क्या बोल्टांमधील कर्ण स्वतंत्र मोजावे. तेही असमान आले तर चासीचाच दोष होय.

तिसरी : पुढच्या पाट्याच्या मागच्या पक्क्या बोल्टापासून आंसाच्या मध्यापर्यंतचें अंतर दोन्हीकडे मोजावें. समजा, डावीकडे चाकांतील अंतर २०३२ व उजवीकडे २०१४ आलें. बोल्टापासूनचें मापही उजवीकडे १८ मिलिमीटरांनींच कमी असेल, तर पुढचा आंस उजवीकडे मागें सरकला आहे. तें माप दोन्हीकडे सारखें आलें, तर पुढच्या आंसास दोष न देतां मागचा आंस व चासी तपासावी.

चौथी : गाडी एका अंगास कललेली दिसल्यास आंसाच्या नळीपासून चासीपर्यंतची उंची दोन्हीकडे मोजावी. मग मागच्या आडपट्टीच्या बरोबर मध्यावर जॅक लावून गाडीचा मागचा भाग उचलावा व पुन्हां मोजावें. पुढचा फरक नाहींसा झाला तर थकलेला पाटा मागचा आहे. कांहीं जुन्या गाड्यांत चालकाच्या बाजूचा पाटा मुद्दाम अधिक ताठ असतो. तेव्हां पाट्यांची अदलाबदल झालेली नाहीं ना, हेंही पाहावें.

पांचवी : एखादें चाक वरून बाहेर किंवा आंत कललेलें वाटल्यास तें उचलून वरखालीं धरून हालवावें. हालत असेल तर सोबत्यास ब्रेक दाबावयास सांगावें. ब्रेक दाबतांच हालणें थांबलें तर चाकाचें बेअरिंग सैल. न थांबलें तर किंगपिनचें. मुळींच हालत नसून कललेलें असेल, तर आंस किंवा त्याचें टोंक वांकलें असण्याचा संभव आहे.

कारण व उपाय

पुढचा आंस मागें सरकण्याचें नेहमींचें कारण सेंटर बोल्ट तुटणें हें होय. यू-बोल्ट सैल राहिले म्हणजे सारा धक्का त्या एका बोल्टावर येतो. तो तुटला कीं प्रत्येक ब्रेकाबरोबर आंस थोडा थोडा मागें जातो, आणि गाडी त्या बाजूस ओढूं लागते. पानांच्या कडा एकमेकींवरून सरकल्याच्या चकचकीत खुणा व यू-बोल्टाजवळील तांबूस गंजाची भुकटी ही त्याची ओळख. त्यानंतर मुख्य पान डोळ्याजवळ तडकलें आहे काय, व शॅकलचे बुश झिजले आहेत काय, हें पाहावें.

असा दोष आढळल्यावर माणसें भरून गाडी घाटांत नेऊं नये. पुढच्या एका जोराच्या ब्रेकासरशी आंस एकदम फिरूं शकतो, आणि त्याबरोबर स्टिअरिंगचा दांडा व ब्रेकची नळी ताणली जाते. पाट्याचें काम करतांना केवळ जॅकवर विसंबूं नये. चासीखालीं मजबूत घोडे द्यावे. तुटक्या पानास वेल्डिंग करणें, किंवा वांकलेला आंस तापवून सरळ करणें, हे दोन्ही उपाय त्याज्य होत. तापविल्यानें पोलादाचें पाणी उतरतें. सेंटर बोल्ट नवा घालतांना यू-बोल्टही नवेच घालावे, आणि कांहींशें किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हां आंवळावे.

सर्व मापें वहींत डावें-उजवें असें लिहून मिस्त्रीस दाखवावीं. काम होऊन गाडी घरीं आली म्हणजे त्याच खळ्यावर तींच मापें पुन्हां घ्यावीं, आणि तीं जुळल्यावरच टायरॉडचें काम व नव्या टायरांचा खर्च करावा.